पापाचा धनी

1863 सालच्या डिसेंबरातली 21 तारीख. आज मॉन्टाना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलुखातल्या नेवाडा सिटी या खाणवस्तीत भर रस्त्यावर चाललेला एक खटला संपत आला होता. न्यायालयाची इमारत नव्हती, छप्परही नव्हतं. न्यायाधीश मालवाहू गाडीवर बसले होते आणि पेशाने ते डॉक्टर होते. भोवती हजारावर खाणकामगार थंडीत उभे होते, मधे शेकोटी पेटलेली होती. तीन दिवसांच्या साक्षीपुराव्यानंतर चोवीस जणांच्या ज्युरीने तेवीस विरुद्ध एक मतांनी आरोपीला दोषी ठरवलं. तेव्हा फिर्यादी पक्षाचा एकोणतीस वर्षांचा वकील गाडीवर चढला आणि त्याने जमावापुढे ठराव मांडला: जॉर्ज आइव्ह्जला ताबडतोब फाशी द्यावी.

या वकिलाचं नाव विल्बर फिस्क सँडर्स. त्या मुलुखात येऊन त्याला तीन-चार महिनेच झाले होते. पुढे तो आमदार झाला, सिनेटर झाला, एका जिल्ह्याला त्याचं नाव मिळालं. पण मॉन्टानाच्या विधानभवनात त्याचा जो पुतळा आहे, त्यावर त्याचं सिनेटमधलं कुठलंही वाक्य नाही. तिथे या ठरावाचे शब्द कोरले आहेत.

एखाद्या राज्याने आपल्या मोठ्या माणसाच्या पुतळ्यावर फाशीची मागणी कोरावी, याचा अर्थ लावायचा तर एका जुन्या प्रश्नाला भिडावं लागतं. जिथे राजा नाही, कोर्ट नाही, तुरुंग नाही, तिथे खुन्याचा जीव घेण्याचा अधिकार कुणाला असतो? आणि घेतलाच, तर त्या पापाचा धनी कोण?

सँडर्सचा जन्म 1834 साली न्यूयॉर्क राज्यातल्या लिऑन गावचा. ओहायोत जाऊन त्याने आधी शाळामास्तरकी केली, मग कायदा शिकून 1856 मध्ये वकिलीची सनद मिळवली. यादवी युद्धात तो उत्तरेच्या सैन्यात होता. तब्येतीमुळे ते सोडावं लागलं. त्याचे मामा सिडनी एजर्टन ओहायोतून काँग्रेसवर निवडून गेलेले, कट्टर गुलामगिरीविरोधी. लिंकनने त्यांना नव्या आयडाहो टेरिटरीचे मुख्य न्यायाधीश नेमलं. टेरिटरी म्हणजे संघराज्याच्या मालकीचा, पण अजून राज्याचा दर्जा न मिळालेला प्रदेश. तिथले गव्हर्नर आणि न्यायाधीश वॉशिंग्टनहून नेमले जात. मामा-भाचे बायकापोरांसह महिनोन्‌महिने मैदानं तुडवत सप्टेंबर 1863 मध्ये बॅनक या सोन्याच्या वस्तीत पोचले.

इथे नियतीने थोडी थट्टा केली. बॅनकला टेरिटरीचा मुख्य न्यायाधीश हजर होता, पण त्याला शपथ द्यायला कुणी नव्हतं. राजधानी लुइस्टन डोंगररांगांच्या पलीकडे, आणि हिवाळ्यात खिंडी बंद. शपथ नाही म्हणून अधिकार नाही, अधिकार नाही म्हणून कोर्ट नाही. आल्डर गल्चला मे 1863 मध्ये सोनं सापडल्यापासून माणसांची रीघ लागलेली, सोनं घेऊन परतणारे प्रवासी वाटेत लुटले जात होते, मारले जात होते, आणि कायद्याचा सर्वांत मोठा माणूस आपल्या लाकडी घरात चुलीपाशी बसून होता.

वस्तीचा निवडून दिलेला शेरीफ मात्र होता: हेन्री प्लमर, देखणा, मृदुभाषी. कुटुंबाच्या आठवणींत नोंदलेलं आहे की त्या नोव्हेंबरात प्लमरने एजर्टन आणि सँडर्स मंडळींना ‘थँक्सगिव्हिंग’च्या जेवणाला बोलावलं होतं. सॉल्ट लेक सिटीहून आणवलेल्या टर्की पक्ष्याला त्याने चाळीस डॉलरचं सोनं मोजलं होतं. सँडर्स त्या पंगतीला जेवला. दीड-दोन महिन्यांत यजमानाला फाशी झाली, आणि ती देणाऱ्या समितीच्या संस्थापकांत हा पाहुणा होता.

आता आइव्ह्जचा खटला नीट पाहायला हवा, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. निकोलस टिबॉल्ट नावाचा तरुण मालकाची खेचरं आणायला गेला, तो परतलाच नाही. काही दिवसांनी एका शिकाऱ्याला त्याचं प्रेत सापडलं. दोरीने फरपटत नेल्याच्या खुणा अंगावर होत्या आणि मुठीत झुडपं गच्च धरलेली होती. म्हणजे ओढत नेलं तेव्हा पोरगा जिवंत होता. प्रेत गाडीत घालून वस्तीत आणलं, आणि रोजच्या खुनांना सरावलेली माणसं ते पाहून खवळली. आइव्ह्जला धरून आणलं गेलं. त्याच्या बाजूने वकिलांची फौज उभी राहिली. त्याच्याविरुद्ध उभं राहायचं म्हणजे वस्तीतून परतताना पाठीत गोळी खाण्याची तयारी ठेवायची. सँडर्सने ती ठेवली.

शेवटी आइव्ह्ज त्याच्याजवळ आला, हात धरला आणि सद्गृहस्थ म्हणून विनंती केली: आईला आणि बहिणींना पत्र लिहायला सकाळपर्यंत वेळ द्या. जमाव गलबलला असावा. तेवढ्यात शेजारच्या खोपटाच्या छपरावर बसलेला एक्स. बाइडलर नावाचा माणूस ओरडला की त्या पोराला याने किती वेळ दिला होता ते विचारा. सकाळ मिळाली नाही. अर्धवट बांधलेल्या घराची तुळई आणि एक खोकं, एवढ्यात काम झालं.

कायद्याच्या काटेकोर नजरेने हा खूनच. ना न्यायाधीशाला अधिकार, ना ज्युरीला. तरीही या खटल्याबद्दल वाचताना मन आइव्ह्जच्या बाजूला झुकत नाही, आणि ते केवळ टिबॉल्टच्या मुठीतल्या झुडपांमुळे नाही.

सँडर्स आणि त्याचे सोबती वाढले ते बायबलवर. पौलाच्या रोमकरांस पत्रात बारावा अध्याय सांगतो की सूड घेणं देवाचं काम, माणसाने ते आपल्याकडे घेऊ नये. लगेच तेराव्यात येतं की राज्यकर्ता हा देवाचा सेवक असून त्याच्या हातातली तलवार उगाच नाही. दोन्ही एकत्र वाचलं तर अर्थ सरळ आहे: सूड तू घेऊ नकोस, शासन राज्यकर्ता करील. पण राज्यकर्ता डोंगरापलीकडे असेल तर? पौल रोमी साम्राज्याच्या काळात लिहीत होता. त्याच्या वाचकांना शासन कमी पडण्याची नाही, जास्त होण्याची भीती होती. आल्डर गल्चसाठी त्याच्याकडे तयार उत्तर नव्हतं.

उत्तर होतं जॉन लॉककडे. 1689 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शासनविषयक दुसऱ्या ग्रंथात तो म्हणतो की शासन नसलेल्या निसर्गावस्थेत नीतीचा कायदा असतोच आणि तो अमलात आणण्याचा अधिकार प्रत्येक माणसाला असतो. खुन्याला शिक्षा देण्याचाही. हे मत लोकांना विचित्र वाटेल याची लॉकला कल्पना होती, तसं तो लिहितोही. आणि लगोलग तो त्यातली मेखही सांगतो: माणूस स्वतःच्या दाव्यात न्यायाधीश होऊ लागला की स्वतःला झुकतं माप देतो, रागाच्या भरात शिक्षा मापाबाहेर जाते. म्हणून तर शासन हवं. मॉन्टानातल्या फाशीच्या समर्थकांनी लॉकचं पहिलं अर्ध उचललं आणि दुसरं तिथेच ठेवलं.

दुसऱ्या अर्धाची प्रचिती यायला दोन दिवसही लागले नाहीत. 23 डिसेंबरला दक्षता समिती स्थापन झाली. उभारणाऱ्या मोजक्या माणसांत सँडर्स होता. सदस्यांनी शपथपत्रावर सह्या केल्या: चोर-खुन्यांना पकडायचं, चोरलेला माल परत मिळवायचा, गुपित फोडायचं नाही, एकमेकांना सोडायचं नाही. 4 जानेवारी ते 3 फेब्रुवारी 1864 या महिन्याभरात सुमारे वीस-बावीस माणसं लटकली. पहिल्या दोघांपैकी रेड येगरने मरण्यापूर्वी नावांची यादी दिली, आणि पुढचे दोर त्या यादीवरून वळले. 10 जानेवारीला, रविवारी, लुटारू टोळीचा म्होरक्या ठरवून प्लमरला त्याच्या दोन साथीदारांसह बॅनकला फाशी दिली. फासाचा तो सांगाडा शेरीफ म्हणून त्यानेच उभारून घेतला होता. दुसऱ्या दिवशी पिझान्थिया नावाच्या मेक्सिकन माणसाच्या झोपडीवर तोफ डागली, त्याचं प्रेत गोळ्यांनी चाळणी केलं आणि जाळलं. ती छोटी तोफ आणली होती मुख्य न्यायाधीश एजर्टन यांच्या घरून. 14 तारखेला व्हर्जिनिया सिटीत एका तुळईला पाच जण एकदम.

यातल्या एकाही माणसावर आइव्ह्जसारखा खटला चालला नाही. ज्युरी नव्हती, उलटतपासणी नव्हती, आरोपीचा वकील नव्हता. वकील राहिलेच नव्हते म्हणा: आइव्ह्जचा बचाव करणाऱ्यांपैकी दोघांना, थर्मंड आणि स्मिथ यांना, समितीने मुलुखातून हाकलून दिलं. सँडर्सच्या चरित्रातली ही बाब फारशी सांगितली जात नाही, पण मला तोफेपेक्षा ती जास्त बोचते. वकिलाने दुसऱ्या वकिलाला त्याने घेतलेल्या वकीलपत्रापायी हद्दपार होऊ देणं म्हणजे आपणच नेवाडा सिटीच्या गाडीवर जे उभं केलं ते मोडणं.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला अराजकाची गोष्ट सांगतो. राजा नव्हता तेव्हा मोठा मासा लहान माशाला खातो तसे बलवान दुर्बळांना खात होते. मग लोकांनी एकत्र येऊन आपसात करार केला: जो कठोर बोलेल, मारहाण करील, परस्त्रीला हात लावील, दुसऱ्याचं धन हरील, त्याला आपल्यातून टाकायचं. थोडक्यात, दक्षता समितीच. पण त्या कराराने त्यांचं समाधान झालं नाही. ते ब्रह्मदेवाकडे गेले आणि राजा मागू लागले. ब्रह्मदेवाने मनूला नेमलं, तर मनू तयार होईना. राज्य करणं हे कर्मच क्रूर, त्यात खोटं वागणाऱ्या माणसांवर करायचं. मला पापाची भीती वाटते, असं त्याचं म्हणणं. लोकांनी त्याला समजावलं: भिऊ नकोस, पाप ज्याचं त्याला लागेल. आम्ही पशूंचा आणि सोन्याचा पन्नासावा हिस्सा देऊ, धान्याचा दहावा.

या कथेतून सहसा करांचा आणि राजधर्माचा धडा काढला जातो. पण तिच्यातली सर्वांत खरी गोष्ट मनूचं कचरणं ही आहे. शिक्षा देणारा हात पापाच्या इतका जवळून जातो की शहाणा माणूस तो पुढे करताना थबकतो, आणि त्याचं ओझं कुणावर याचा हिशेब आधी उघडपणे करून घेतो. मनू नावासकट बांधला जातो. त्याच्या दंडाखाली कुणी निरपराध मेला तर लोकांना बोट कुणाकडे दाखवायचं ते ठाऊक असतं.

या कसोटीवर 21 डिसेंबर आणि 10 जानेवारी एका पारड्यात बसत नाहीत. दोन्ही दिवशी कायदा नव्हता. पण पहिल्या दिवशी सँडर्स उघडपणे हजारो डोळ्यांसमोर, आरोपीच्या मित्रांच्या पिस्तुलांच्या टप्प्यात, स्वतःच्या तोंडाने बोलला होता. आइव्ह्ज निर्दोष निघता तर खुनी कोण हे सगळ्या वस्तीला माहीत असतं. समितीने नेमकी हीच गोष्ट पुसून टाकली. गुप्ततेची शपथ घेतली की पापाला धनी उरत नाही, ते बेवारस होतं.

यावर खाणवस्तीतला कुणीही विचारील की दुसरा मार्ग होता कुठे? होता. अवघड होता, पण होता, आणि त्याच टेरिटरीत त्याच हिवाळ्यात कुणीतरी तो चाललाही. लॉइड मॅग्रूडर हा लुइस्टनचा व्यापारी व्हर्जिनिया सिटीत माल विकून सोनं घेऊन परतत होता. ऑक्टोबर 1863 मध्ये डोंगरात त्याचा आणि सोबत्यांचा खून झाला. त्याचा मित्र हिल बीची याने खुन्यांचा माग थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत काढला, त्यांना पकडून लुइस्टनला परत आणलं, आणि बंदरावर दोर घेऊन उभ्या असलेल्या जमावाला अडवलं. या माणसांना रीतसर खटल्याचा शब्द दिलाय, असं सांगून. खटला चालला, एक जण माफीचा साक्षीदार झाला, उरलेल्या तिघांना मार्च 1864 मध्ये फाशी झाली. बीची वकील नव्हता, हॉटेल चालवत होता. लुइस्टनला कोर्ट होतं आणि बॅनकला नव्हतं हे खरंच. हा फरक छोटा नाही. पण मित्राच्या खुन्यांना शेकडो मैल सांभाळून आणणाऱ्या माणसाला घाई करायला सँडर्सपेक्षा जास्त कारण होतं.

आपद्धर्माची खरी परीक्षा आपत्ती सरल्यावर होते. स्लेडचं उदाहरण घ्या. जोसेफ स्लेड हा दारू प्यायला की दुकानं फोडणारा, घोडा आत घालणारा दांडगट. पण मॉन्टानात त्याने कुणाचा खून केला नव्हता, कुणाला लुटलं नव्हतं. मार्च 1864 पर्यंत व्हर्जिनिया सिटीत लोकन्यायालय सुरू झालं होतं आणि त्याचा न्यायाधीश होता अलेक्झांडर डेव्हिस, म्हणजे आइव्ह्जच्या बचावाच्या वकिलांपैकीच एक. स्लेडने या न्यायालयाचा हुकूम फाडून टाकला. त्यापायी समितीने 10 मार्चला त्याला लटकावलं. त्याची बायको घोड्यावरून दौडत आली, पण उशिरा. कोर्टाचा मान राखण्यासाठी कोर्टाला न विचारता फाशी!

त्या मे महिन्यात मॉन्टाना ही वेगळी टेरिटरी झाली, एजर्टन तिचे पहिले गव्हर्नर झाले, आणि डिसेंबरात मुख्य न्यायाधीश हेझेकाया हॉझमर यांनी एका हॉटेलच्या भोजनगृहात पहिलं रीतसर कोर्ट भरवलं. ज्युरीपुढच्या भाषणात त्यांनी समितीची पाठ थोपटली आणि सांगितलं की आता पुरे. समितीने पाठ थोपटून घेतली, बाकीचं ऐकलं नाही. पत्त्यांच्या अड्ड्यावर झालेल्या खुनाबद्दल जेम्स डॅनियल्सला कोर्टाने मनुष्यवधाचा गुन्हेगार ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली. प्रभारी गव्हर्नर थॉमस फ्रान्सिस मार यांनी त्याला माफी दिली. ती द्यायचा त्यांना अधिकार होता का, यावर न्यायाधीश मन्सन आणि त्यांचा वाद जुंपला. तो मिटेपर्यंत कुणी थांबलं नाही. 2 मार्च 1866 रोजी डॅनियल्स हेलेनात झाडाला लटकत सापडला, माफीचा कागद खिशात. आता कोर्ट होतं, न्यायाधीश शपथ घेतलेला होता, शिक्षाही झाली होती. उरली होती ती फक्त सवय.

सँडर्सचं राजकारण याच पायावर उभं राहिलं, आणि गंमत म्हणजे फारसं चाललं नाही. टेरिटरीचा प्रतिनिधी म्हणून काँग्रेसवर जाण्यासाठी तो 1864, 1867, 1880 आणि 1886 असा चार वेळा उभा राहिला आणि चारही वेळा पडला. रिपब्लिकन तो, मुलूख डेमोक्रॅट खाणकामगारांचा, त्यात दक्षिणेकडून आलेले बरेच. जीभ धारदार, आणि ती आवरण्याची हौस नाही. 1873 ते 1879 तो टेरिटरीच्या विधिमंडळात बसला. 1889 मध्ये मॉन्टाना राज्य झालं आणि 1890 मध्ये त्याला सिनेटची जागा मिळाली, तीही तीनच वर्षं.

दुसरं एक पद मात्र त्याने पंचवीस वर्षं सांभाळलं: 1865 मध्ये स्थापन झालेल्या मॉन्टाना इतिहास संस्थेचं अध्यक्षपद. ज्याने इतिहास केला तोच त्याची दप्तरंही जपणार. त्याच सुमारास ‘मॉन्टाना पोस्ट’चा संपादक थॉमस डिम्सडेल याने 1866 साली समितीची गौरवगाथा पुस्तकरूपात काढली आणि पुढच्या पिढ्यांनी बहुतांशी तीच गिरवली. समितीचं समर्थन सँडर्सने शेवटपर्यंत केलं.

शंभर वर्षांनंतर शंका घेणारे आले. प्लमर खरोखर टोळीचा म्होरक्या होता का, पुरावा काय, यादी देणारा येगर मरणाच्या दारात काय काय बोलला असेल, असं संशोधक विचारू लागले. मे 1993 मध्ये व्हर्जिनिया सिटीच्या कोर्टात प्लमरवर मरणोत्तर खटला चालवण्यात आला. ज्युरी सहा विरुद्ध सहा अशी फुटली आणि खटला निकालाविना संपला. असा निकाल जिवंत माणसाच्या बाबतीत लागता तर त्याला नव्या खटल्याची वाट पाहत तुरुंगात बसावं लागलं असतं, किंवा तो सुटला असता. दोन्हीत तो जिवंत राहिला असता.

आज मॉन्टानाच्या महामार्ग पोलिसांच्या बाहीवरच्या चिन्हात 3-7-77 हा आकडा आहे. समितीच्या नावाने तो 1879 मध्ये हेलेनात धमकीसाठी रंगवला गेला. त्याचा अर्थ काय यावर एकमत नाही: थडग्याची मापं म्हणतात, गाव सोडायची मुदत म्हणतात. उघड कृत्याला पुतळा आणि शब्द मिळाले, गुप्त कृत्याला सांकेतिक आकडा. लोकांच्या स्मृतीनेही तो भेद नकळत पाळलेला दिसतो.

म्हाताऱ्या सँडर्सचा एक खटला मात्र पुतळ्यावर कोरायला हरकत नव्हती. 1896 च्या अखेरीस ब्यूट शहरातल्या कामगार संघटनांनी चिनी लोकांविरुद्ध बहिष्कार पुकारला. चिन्यांच्या खाणावळी, धोबीखाने आणि चिन्यांना कामावर ठेवणारी दुकानं यांच्या दारात माणसं उभी करून गिऱ्हाइकं परतवली जात होती. शहराचं बहुमत त्याच्या बाजूने होतं. हम फे आणि इतर चिनी व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून वकील केला, तो साठी ओलांडलेला माजी सिनेटर सँडर्स. ज्यांना मताचा हक्क नाही, अमेरिकेचं नागरिकत्व मिळणं कायद्यानेच बंद, अशा लोकांचं वकीलपत्र घेऊन राजकारणात काहीच मिळण्यासारखं नव्हतं. त्याने संघीय न्यायालयात बाजू मांडली. सगळ्या गावाला एखाद्याला हाकलायचं असलं म्हणून गावाला तो हक्क मिळत नाही, हाच त्या दाव्याचा गाभा होता. थर्मंड आणि स्मिथ यांची नावं तेव्हा त्याला आठवली असतील का, हे विचारायचा मोह होतो.

1897 मध्ये न्यायालयाने संघटनांविरुद्ध मनाईहुकूम दिला. चिनी व्यापाऱ्यांना खटल्याचा खर्च मिळाला. बुडालेल्या धंद्याची पाच लाख डॉलरची भरपाई त्यांनी मागितली होती, ती मिळाली नाही. तोवर कित्येक जण ब्यूट सोडून गेले होते.